चारशे सातमधली मदतनीस

वर्लीन टिब्सने घडी घातलेल्या चादरीचे कोपरे एकमेकांपासून सुटलेले मी कधी पाहिले नाहीत. बफेलो शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची हयात गेली. हातांना ब्लीचचा वास कायमचा. आमच्या इमारतीत ती आली तेव्हा पन्नाशीची होती, आणि आली ती थोरल्या बहिणीकडे, ओझेलाकडे, चारशे सातमध्ये. मी समोर, चारशे आठमध्ये. गुडघे जायच्या आधी चाळीस वर्षं मी गावोगावच्या रंगमंचांवर नाचलो, त्यामुळे माणसं न्याहाळायची सवय जुनी. "माझ्याकडे काय बघायचंय, मिस्टर लुशस?" असं वर्लीन म्हणायची. पण पहाटे पाचच्या पाळीला जाण्याआधी, जमिनीवर बसून, ती ओझेलाच्या सुजलेल्या पायांवर सूज उतरवायचे घट्ट मोजे चढवायची, ते बघण्यासारखं होतं. एवढीशी सुरकुती राहू द्यायची नाही.

आमच्या इमारतीचा नियम असा, की घरात जेवढं उत्पन्न येतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग आपण भाडं म्हणून द्यायचा, उरलेलं सरकार मालकाला देतं. ही मदत माणसाला चिकटलेली नसते, खोल्यांना चिकटलेली असते. नाटक कंपनीतल्या राजाच्या अंगरख्यासारखी. अंगावर आहे तोवर तुम्ही राजे, कंपनी सोडलीत की अंगरखा खुंटीला. आणि घरात येणारं म्हणजे घरच्या कागदावर नाव असलेल्या प्रत्येकाचं. वर्लीनला कुटुंबात घातलं असतं तर तिचा पगार धरून भाडं दुपटीच्या वर गेलं असतं.

"मग तिला मदतनीस म्हणून लिहा," मी म्हणालो. "आजारी माणसाच्या सेवेला जो राहतो, त्याचा पगार धरत नाहीत. एरवी तो तिथे राहिला नसता, एवढं पटवावं लागतं."

"तुला बरं ठाऊक, हिरो," ओझेला म्हणाली.

"दोनशे दोनमधल्या म्हाताऱ्याने तेच केलंय."

हा सल्ला माझा होता. दुसऱ्या कुणाचा नाही.

सल्ला देऊन थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्याची तालीमही घेतली. ओझेलाच्या स्वयंपाकघरात, तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर लावून मी ऑफिसातली बाई झालो. "बहिणीला गरज नसती, तर तुम्ही इथे राहिला असता का?"

"आणखी कुठे राहणार? माझं घर तर बँकेनं..."

"थांब. पहिल्यापासून. 'माझं स्वतःचं घर आहे. ही बरी झाली की उद्या परत जाईन.'"

"खोटं बोलताना माझी नजर खाली जाते, मिस्टर लुशस."

"मग हिच्या पायांकडे बघ. सेवा करणारी बाई पायांकडेच बघते."

ओझेला हसता हसता खोकायला लागली. "घ्या. सत्तरी जवळ आली आणि माझे पाय नाटकात गेले."

प्रयोग उत्तम झाला. ऑफिसातल्या त्या वेळच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, डॉक्टरचं पत्र जोडलं, आणि वर्लीन चारशे सातची मदतनीस झाली. दर मार्चमध्ये कागद नव्याने व्हायचे. खाली एक ओळ असायची, की भाडेकरूची गरज संपली की मदतनीसाचा घरावर हक्क राहत नाही. त्या ओळीखाली वर्लीनची सही. पहिल्या वर्षी आम्ही तिघांनी ती ओळ वाचली होती. ओझेला म्हणाली, "मी काय उद्या मरतेय?"

उद्या नाही मेली. तेरा वर्षं जगली. त्या तेरा वर्षांत दर शुक्रवारी चारशे सातमध्ये मासा तळला जायचा आणि एक ताट माझ्या दारी यायचं. भाड्यातून वाचलेल्यातलंच ते ताट होतं. मी मिटक्या मारत खाल्लं.

फेब्रुवारीत ओझेला गेली. नवव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं, महिन्यात घर रिकामं करा. मी चांगला कोट घातला आणि वर्लीनसोबत ऑफिसात गेलो.

ऑफिसात आता असतात त्या मिसेस डोम्ब्रोव्स्की वाईट बाई नाहीत. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग म्हणाल्या, "वर्लीन, तुमचं नाव कुटुंबात असतं ना, तर आज बोलायचं काही कारणच नव्हतं. घर तुमच्याकडे राहिलं असतं, भाडं तुमच्या पगारावर ठरलं असतं."

"मी बहीण आहे तिची," वर्लीन म्हणाली.

"माहीत आहे मला. कागदाला माहीत नाही." त्यांनी फाइलच्या तळातून सर्वांत जुना कागद काढला. "इथे लिहिलंय, तुमचं स्वतःचं घर आहे." चष्मा काढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरंच आहे का?"

नाही म्हटलं असतं तरी चारशे सात मिळालं असतंच असं नाही. पण मग तेरा वर्षांच्या भाड्याचा हिशेब मेलेल्या ओझेलाच्या नावावर उघडला असता, तिला खोटारडी म्हटलं गेलं असतं, आणि हे कुणी शिकवलं तेही विचारलं गेलं असतं. वर्लीनने खाली फरशीकडे पाहिलं. तिथे पाय नव्हते.

"आहे," ती म्हणाली. "माझं स्वतःचं घर आहे. मी परत जाईन."

मी शेजारी बसून होतो, टोपी मांडीवर. बोलायची पाळी माझी आहे हे मला कळत होतं. चाळीस वर्षांत माझी एकही पाळी चुकली नव्हती. मी टोपीची कड फिरवत राहिलो.

"घरासाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव घालून ठेवा," मिसेस डोम्ब्रोव्स्की म्हणाल्या.

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही हो. चार वर्षं. पाचही."

महिन्याने वर्लीनने चारशे सात रिकामं केलं आणि दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आली. आमच्याकडे पाहुण्याला चौदा दिवस राहता येतं. त्यावर राहिला तर तो कागदाबाहेरचा माणूस, आणि मग माझं घरही जाऊ शकतं. हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. रोज पहाटे मी खोलीबाहेर येण्याआधी ती कामावर गेलेली असायची, आणि चादर घडी घालून सोफ्याच्या हातावर ठेवलेली.

तेराव्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या निघते मी."

"एवढी घाई कसली?"

"मोजा की, मिस्टर लुशस." ती थोडी हसली. "तुम्हाला पावलं मोजायची सवय आहे."

अजून दोन दिवस राहा, एवढंच म्हणायचं होतं. मी कॉफी ओतली.

रुळांपलीकडे आठवड्याच्या भाड्याने खोल्या मिळतात, सहा जणांत एक नळ. तिथे ती गेली. निम्म्याहून जास्त पगार त्या खोलीला जायचा. ईस्टरला तिचा फोन आला, खोकत होती. "थंडी आहे जरा," म्हणाली. त्यानंतर नंबर लागत नाही. धुलाईखान्यात विचारलं तर म्हणाले, काम सोडलं.

चारशे सात रंगवून झालं. यादीतला एक म्हातारा आला, सहा वर्षं थांबलेला. आत जाण्याआधी त्याने चौकटीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. त्याचा काय दोष. मी त्याला केक नेऊन दिला.

माझे कागद मेमध्ये होतात. मिसेस डोम्ब्रोव्स्कींनी नेहमीचे प्रश्न विचारले. पेन्शन तेवढंच? तेवढंच. बँकेत काही? नाही.

"घरात तुमच्याशिवाय दुसरं कुणी राहतं?"

सोफ्याच्या हातावर ती चादर अजून तशीच आहे. मी उलगडलेली नाही.

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि दाखवलेल्या जागी सही केली.