गादीखालची सीटी फिल्म

"रिपोर्ट बाद में पढ़ेंगे. पहले फिल्म दिखाइए."

साकेत नगरच्या इस्पितळात डॉक्टर मॅडमनी माझी फाइल बाजूला सारली, तिथून माझ्या आजाराचं नाव बदलायला सुरुवात झाली. फाइलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. फिल्म नव्हती. "रिपोर्ट आहे ना, ते धूड कशाला?" असं घरून निघताना मीच म्हटलं होतं.

माझे वडील, अण्णा, बाकावरून उठले. पिशवीतून मोठा लिफाफा काढून म्हणाले, "मी आणलीय."

आता आधीचं सांगते. अण्णा आठवी शिकलेले. जळगावकडून इथे हिंदी मुलखात, कारखान्यात फिटर म्हणून आले. मी घरातली पहिली बी.कॉम. सरकारी नोकरी लागली, तुलसी नगरचा क्वार्टर माझ्या नावावर मिळाला, हे मी आजही ताठ मानेने सांगते.

गेल्या वर्षी हबीबगंज स्टेशनचा जिना चढताना धाप लागू लागली. (नाव बदललं तरी आमच्या तोंडी हबीबगंजच.) मी चौतीस वर्षांची, वाटलं, वजन वाढलंय. मग एका सकाळी पोळ्या लाटताना छातीत उजवीकडे जोराची कळ आली. फुफ्फुसाबाहेर हवा साठून ते आक्रसलं होतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. सहा दिवस छातीत नळी होती.

तेव्हाच सीटी झाला. रिपोर्टमध्ये 'एम्फिसीमा' लिहिलं होतं, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटून पोकळ्या होणं. बहुतेकदा धुरामुळे.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मीच वाचलं, मीच निकाल दिला. "अण्णा, तुमच्या बिड्यांनी झालं हे."

"अगं, बापाशी असं बोलतात का?" आई म्हणाली.

"लिहिलंय तेच सांगतेय."

त्याच दिवशी अण्णांनी बिडीबंडल कचऱ्यात टाकलं. माझ्या खोलीत येणंही सोडलं. चहासुद्धा गॅलरीत उभं राहून प्यायचे, जणू त्यांच्या अंगातूनच धूर निघतोय. फिल्म मात्र वाकू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या गादीखाली सपाट ठेवली होती, कारखान्यातली ड्रॉइंग जपायचे तशी.

तर साकेत नगरला मॅडमनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलू लागल्या, इंदूरच्या निघाल्या.

"काका, एम्फिसीमातल्या पोकळ्यांना सहसा भिंत दिसत नाही. इथे बघा. गोल गोल, प्रत्येकीला पातळ भिंत, आणि वरपासून खालपर्यंत सारख्या पसरलेल्या."

अण्णा चष्मा सारखा करून पुढे वाकले. "ड्रिल मारल्यासारख्या आहेत."

"अगदी तशाच. मला हा दुसराच आजार वाटतो. पण नुसत्या फिल्मवरून शिक्का मारणार नाही."

मग एचआरसीटी झाला, म्हणजे फुफ्फुसाचे अगदी पातळ काप दाखवणारा सीटी. पोटाच्या सीटीत मूत्रपिंडावर चरबीची छोटी गाठ सापडली, तिने मॅडमचा संशय पक्का झाला. रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. ते वाट बघण्याचे दिवस मला नळीपेक्षा जड गेले.

नाव आलं लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस, थोडक्यात लॅम. दुर्मीळ, बहुधा बायकांनाच होणारा. फुफ्फुसात भलत्या पेशी वाढतात आणि हवेच्या पोकळ्या होतात. मुळापासून जात नाही, पण गोळीने आवरता येतो.

मी पहिलं विचारलं, "बिडीच्या धुरामुळे?"

मॅडमनी उत्तर अण्णांकडे बघून दिलं. "नाही. बिडी वाईटच, परत धरू नका. पण हे तुमच्यामुळे झालेलं नाही."

रिक्षात मी म्हटलं, "अण्णा, चुकले मी."

"तू बरोबर वाचलंस. लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला."

"पण मी तुम्हाला बोलले ना."

"हो. ते लागलं," म्हणाले, आणि लिफाफा मांडीवर सरळ केला.

गोळी चालू आहे. श्वासाच्या तपासणीचा आकडा दोनदा तेवढाच आला. खाली गेला नाही, यातच आनंद आहे. तरुण बाईचं फुफ्फुस कारण नसताना असं आक्रसलं, तर सीटीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि फिल्म किंवा सीडी सोबत न्या. रिपोर्ट हे एका माणसाचं वाचन असतं. शिकलेल्या माणसाला हे लवकर पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

आजाराचं नाव कळलं त्या संध्याकाळी अण्णा चहाचा कप घेऊन गॅलरीकडे न वळता आत आले आणि माझ्या पलंगावर बसले.

"साखर कमी आहे," म्हणाले.

मी उठून डबा आणला. थोडी धाप लागली. ते थांबले, मी थांबले, मग साखर घातली.