वाळूच्या पट्टीवरून

आमचे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींत लिफ्ट ज्या अरुंद पोकळीतून वरखाली करते, त्या पोकळीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. लिफ्टच्या छपरावर मांडी घालून बसायचं, कोपरापर्यंत ग्रीस माखलेलं, चारी बाजूंना भिंती आणि पायाखाली नुसता अंधार. नव्या माणसाला तिथे दरदरून घाम फुटायचा. मामा तिथेच जेवणाचा डबा उघडून निवांत जेवायचे. कामावरचे लोक त्यांना ‘बिळोबा’ म्हणत, आणि मामांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांना भीती वाटायची ती मोकळ्या जागेची. मैदान, रुंद चौक, गच्ची, लांब पूल. अशा ठिकाणी त्यांच्या छातीत धडधडायला लागायचं, पाय जड व्हायचे, आणि आपण कशाला तरी धरलं नाही तर वर आकाशात पडू, असं काहीतरी विचित्र वाटायचं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मैदान ओलांडायचं झालं तर ते कुंपणाला धरून कडेकडेने जायचे आणि म्हणायचे, इकडे सावली आहे. सहलीचं निघालं की त्यांची पाठ धरायची, नाहीतर नेमका कामावरून फोन यायचा. आम्ही भाचरं त्यांना घरकोंबडे समजत होतो. मामीसुद्धा तेच समजत होती.

मामी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. बिनखिडकीची खोली, समोर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे आणि प्लास्टरची धूळ. ती म्हणायची, दिवसभर परक्यांचे दात बघितले की संध्याकाळी स्वतःचे दाखवायला मोकळी हवा लागते. तिच्या लॅबमधली मैत्रीण एका लांबच्या बेटावर तंबू ठोकून राहून आली होती. पांढऱ्या वाळूचा किनारा, झाड नाही, माणूस नाही, नुसतं गवत आणि वारा. ते ऐकल्यापासून मामीने तोच ध्यास घेतला.

मामा निवृत्त झाले आणि कामावरून येणारा फोन बंद झाला. मामी म्हणाली, एकदाच चला, पुन्हा म्हणून मागणार नाही. मामांना पाठही आठवली नाही. ते हो म्हणून बसले आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

होडीत ते सामानाच्या पिशव्यांमध्ये अंग चोरून बसले. नावाड्याने त्यांना एका लहानशा बेटावर उतरवलं. समोर एक मोठं बेट होतं आणि ओहोटीला दोन्ही बेटांच्या मध्ये वाळूची लांब पट्टी उघडी पडायची. मोठ्या बेटावर कोळ्यांची जुनी पत्र्याची झोपडी होती आणि तिच्यामागे गोड्या पाण्याचा झरा. परवा सकाळी येतो, असं सांगून नावाडी निघाला. जाताना म्हणाला, वारा चढला तर मात्र येणार नाही, तो पडेपर्यंत थांबायचं.

तंबू उभा राहिल्याबरोबर मामा आत शिरले आणि त्यांनी चेन ओढून घेतली. मामी एकटीच किनाऱ्यावर फिरली. संध्याकाळी तिने हाक मारली, अहो, बाहेर येऊन बघा तरी. मामा आतूनच म्हणाले, दमलोय जरा. मग ती पुन्हा एकटीच पाण्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी वारा उठला. तंबूचं कापड फटाफट वाजायला लागलं. पाण्याचा कॅन एका झटक्यात कलंडला आणि झाकण नीट बसलेलं नसल्यामुळे सगळं पाणी वाळूने पिऊन टाकलं. मामी म्हणाली, ओहोटी आहे तोवर पलीकडून पाणी आणते. तुम्ही येताय? मामांनी तंबूच्या फटीतून त्या उघड्या पट्टीकडे पाहिलं. दोन्हीकडे पाणी, वर आकाश, धरायला काडीसुद्धा नाही. ते म्हणाले, तंबू उडून जाईल, मी धरून बसतो. ते खोटंही नव्हतं. मामी रिकामा कॅन घेऊन गेली.

वारा वाढतच गेला. वाळू इतकी उडायला लागली की पलीकडचं बेट दिसेना. मामा चेन उघडून पाहत, पुन्हा लावून घेत. मामी येईना. मग पट्टीच्या दोन्ही कडांनी पाणी चढायला लागलेलं त्यांना दिसलं. मामांनीच मला सांगितलं, “मी त्या तंबूत बसून देवाकडे एवढंच मागत होतो, की ती आत्ता दिसू दे, म्हणजे मला जावं लागणार नाही.”

ती दिसली नाही. मामांनी दोन्ही पिशव्या तंबूच्या कडेवर ठेवल्या आणि बाहेर आले. वाऱ्याने त्यांना पहिल्याच पावलाला गुडघ्यावर आणलं. मग ते उठलेच नाहीत. हातापायांवर रांगत निघाले. नजर फक्त हाताच्या बोटांपुढच्या वाळूवर. कानात वारा आणि स्वतःचं हृदय, दोन्ही सारखंच वाजत होतं. मध्यावर त्यांना उलटी झाली. तिथे ते डोकं वाळूत खुपसून पडून राहिले. परत फिरावं असं वाटलं, पण मागचा रस्ताही तेवढाच मोकळा होता. शेवटी ते पुढेच सरकले.

मामी झोपडीच्या भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून. झऱ्यावर वाकली असताना वाऱ्याने वाळूचा सपकारा तोंडावर मारला होता. डोळे उघडतच नव्हते, नुसतं पाणी वाहत होतं. झऱ्याच्या पाण्याने धुऊनही उपयोग झाला नव्हता. मामांचा हात लागताच ती दचकून किंचाळली. कधी कशाला न घाबरणारी ती बाई त्यांचा हात सोडेना.

झोपडीच्या आडोशालाच थांबावं, असं मामांच्या मनात आलं. भिंत होती, कोपरा होता. एवढ्यात छपराचा एक पत्रा सुटला आणि त्यांच्या डोक्यावरून सुसाट जाऊन खडकावर आपटला. दुसराही निम्मा उचकटला होता. शिवाय ह्या बेटाला सगळीकडून खडक. होडी लागणार ती पलीकडच्या वाळूलाच.

मामांनी तिला उठवलं. कॅनमध्ये जेवढं पाणी होतं तेवढं घेतलं. आता रांगून चालणार नव्हतं, कारण पट्टीवर पाणी आलं होतं. आणि डोळे मिटूनही चालणार नव्हतं, कारण तिचे मिटलेले होते. मामांना जे कधी बघवत नव्हतं, ते सगळं आता उभं राहून बघत चालायचं होतं. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मध्यावर त्यांचे पाय थांबले. खरंच थांबले, उचलेनात.

मामीने विचारलं, “काय झालं? का थांबलात?”

मामा म्हणाले, “मला भीती वाटते. मोकळ्या जागेची. लहानपणापासून. मला इथे उभं राहवत नाही.”

वाऱ्यात तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांना ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. जन्मभर लपवलेली गोष्ट समुद्राच्या मधोमध बोंबलून सांगायची वेळ आली.

मामीने त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “तुम्हाला माझ्याबरोबर यायचाच कंटाळा आहे.”

तिने हलकेच पुढे ढकललं आणि त्यांचा एक पाय उचलला गेला. मग दुसरा. लाट आली की दोघं एकमेकांना धरून उभी राहायची. ती विचारायची, किनारा दिसतो का? मामा दर वेळी दिसतो म्हणायचे. बराच वेळ तो दिसत नव्हता.

तंबू आडवा झाला होता, पण पिशव्यांमुळे उडाला नव्हता. दोघं त्या कापडाखाली शिरून त्याच्या कडा अंगाखाली दाबून पडली. मामा तिच्या डोळ्यांवर ओला रुमाल बदलत राहिले. वारा पडला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, आणि उन्हं वर आल्यावर होडी आली. डॉक्टरांनी डोळ्यांतली वाळू काढली, पट्ट्या बांधल्या. मामीची दृष्टी वाचली.

ह्या प्रकाराने मामा धीट झाले असं कुणी समजू नये. मैदान ते अजून कडेकडेनेच ओलांडतात, पण आता सावलीचं नाव घेत नाहीत. मामी शेजारून चालते आणि भिंतीकडची बाजू त्यांना देते.

बेटावर ती आता मैत्रिणीबरोबर जाते. यंदा गेली तेव्हा मी मामांकडे होते. त्यांनी मला मोबाईलवर तिकडचा वारा बघायला सांगितलं. मी बघून म्हटलं, अगदी शांत आहे मामा, पानसुद्धा हलणार नाही. त्यांनी मान हलवली. चहा झाल्यावर म्हणाले, “आता बघ बरं परत.”