आम्ही दोघांनी सोडलेली तंबाखू

टूथपेस्ट संपली होती, सर्दीने नाक बंद होतं आणि चष्मा बाहेर टीव्हीपाशी राहिला होता. एवढी कारणं आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे केलं ते पन्नाशीच्या माणसाला शोभणारं नाही. बाथरूमच्या फळीवर शाम्पूमागे एक डबी दिसली. आत काळी पूड. बायकोने कोळशाचं दंतमंजन आणलं असेल म्हणून बोटावर घेतली आणि दात घासायला लागलो.

अर्ध्या मिनिटात डोकं गरगरलं. घाम फुटला. आणि खोटं कशाला बोलू, त्या घामातही आत कुठेतरी लख्ख दिवा लागला. तेव्हा कळलं, ही मशेरी. भाजून कुटलेली तंबाखू.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला होता. पंचवीस वर्षं तंबाखू-चुना मळल्याचं बक्षीस. डॉक्टरांनी समजावलं, "मेंदूत जणू कुलपं असतात आणि निकोटिन ही त्यांची किल्ली. रोज किल्ली मिळते म्हणून मेंदू कुलपं वाढवत जातो. तुम्ही सोडलंत की ती सगळी बोंबलणार. मग हळूहळू गप्प होतात. पण मध्ये एक चिमूटसुद्धा नको." मी गंभीरपणे मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून चिमूट मळली.

सुटली ती आईमुळे. दिवसातून चार वेळा मशेरी लावणारी ही बाई. चट्ट्याचं कळल्यावर भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत देवापुढे नारळ ठेवून तिने गाऱ्हाणं घातलं, "माझ्या झिलाचा तोंड बरा कर, महाराजा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सोड. मी पण सोडतंय."

मी सोडली. पहिले दिवस भयंकर गेले. हात आपोआप खिशात जायचा, ऑफिसात एकदा मी स्टेपलरवर ओरडलो. आई समोर बसून बडीशेप चघळायची. ही सोडू शकते तर मी का नाही, एवढ्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले.

आणि आता ही डबी.

वीस चुळा भरून बाहेर आलो आणि डबी आईसमोर ठेवली. तिने आधी डबी पाहिली, मग माझे काळे ओठ.

"लावलंस?" ती घाबरून म्हणाली.

"ते सोड. तू कधी सोडलीस?"

"आठ दिस काढलंय रे. मगे हातपाय कापाक लागले. देवाचा नाव घेवचा तर ताही आठवेना. तुका सांगूचा कसा? तू दुसऱ्याच दिवशी पुडी फोडतलंस."

"आणि आणून कोण देत होतं?"

आईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथला भांड्यांचा आवाज थांबला.

मग सगळं बाहेर आलं. मी ऑफिसला गेलो की बायको तव्यावर तंबाखू भाजायची. वास राहू नये म्हणून मागोमाग आमटीच्या वाटपाचं कांदा-खोबरं भाजायची. आणि मी घरी येऊन, "आज वाटप झकास झालंय" म्हणत बोटं चाटायचो!

दिवसभर डोक्यात वकील बसला होता. जिने शपथ घेतली तिनेच पाळली नाही, मग तूच कशाला? युक्तिवाद बिनतोड होता. सकाळच्या त्या चिमटीने जागी झालेली सगळी कुलपं माना डोलावत होती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना चट्टा दाखवायचा होता, हे कुणालाच आठवत नव्हतं. संध्याकाळी मी टपरीसमोर उभा राहिलो. मला पाहताच टपरीवाल्याचा हात सवयीने माझ्या पुडीकडे गेला. त्याचा मेंदूही तीन महिन्यांत काही विसरला नव्हता. मी तसाच परतलो. निग्रह वगैरे काही नाही, आधी घरी जाऊन भांडायचं होतं.

आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बायकोला म्हणालो, "तीन महिने तुम्ही दोघींनी मला खुळा बनवलंत. घरातल्या माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही?"

तिने गॅस बारीक केला.

"आई सकाळपासून जेवल्या नाहीत, आधी त्यांना हाक मारा. आणि फसवलं म्हणाल तर हो, फसवलं. परत वेळ आली तर परत फसवीन."