नव्या पंपाचा आवाज

गाडीचं स्टिअरिंग जड झालंय, एवढंच मी आईला फोनवर म्हटलं. तिनं ते बाबांना सांगितलं आणि झालं. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत माझ्या घराशेजारीच दोन गॅरेज आहेत, पण माहेराहून, आंजीहून निरोप आला, "पोरीच्या गाडीले दुसऱ्याचा हात नाई लागला पायजे. इकडं घेऊन येजो."

बाबांचं गॅरेज आंजीत रस्त्याला लागूनच होतं, घराच्या अंगणात. गुडघे गेले तसं त्यांनी ते बंद केलं, पण पाने-पकडी काही विकल्या नाहीत. गावात त्यांची ओळख त्यांच्या कानाची होती. गाडी वळणावर असतानाच ते अंगणातून सांगायचे, हिचा पट्टा ढिला आहे किंवा हिचं बेअरिंग जाणार आहे. लोक बॉनेट उघडायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे. लहानपणी मला याचा फार तोरा होता. कुणाचे वडील गुरुजी, कुणाचे तलाठी, आणि माझे बाबा बघायच्या आधीच ओळखणारे.

स्टिअरिंगचा पंपच गेला होता. मी वर्ध्याहून नवा घेऊन गेले आणि बाबांनी दिवसभर खपून तो बसवला. जुना पंप काढला की तेलाच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, त्यात धूळ जाऊ नये म्हणून ती बंद करावी लागतात. बाकीचे मेकॅनिक चिंधी कोंबतात. आमच्याकडं वेचणीचे दिवस, पुढची खोली कापसानं भरलेली. बाबांनी हात लांब करून मूठभर कापूस उचलला आणि बोळे करून कोंबले. त्यांची ती नेहमीचीच पद्धत. काम संपल्यावर पंपाला कुंकू लागलं, चाकाशी नारळ फुटला आणि मी निघाले.

अंगणात जरा कुरकुर होती, ती मी नवेपणाची समजले; गाव सुटलं न सुटलं तोच पंप रडायलाच लागला. बारीक, लांब, ऊंऽऽ असा. स्टिअरिंग वळवलं की आवाज आणखी चढायचा. नवऱ्यानं दोन दिवस ऐकून घेतलं, मग म्हणाला, "सासरेबुवांनी पंप बसवला का डास?" मी त्याच्यावर खेकसले. बाबांच्या कामाला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा आहे.

पुढच्या रविवारी मी आंजीला गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून गाडी तशीच चालू ठेवून बाबांच्या पुढ्यात उभी केली. पंप कोकलत होता. ओट्यावर निजलेलं कुत्रं उठून मागच्या दारी गेलं.

बाबा हसून म्हणाले, "मस्त चालून राह्यली ना?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "बाबा, आवाज ऐका ना!"

"कायचा आवाज?"

"तुमच्या पंपाचा! रडून राह्यला तो."

त्यांनी नेहमीसारखी मान तिरपी केली. "इंजिन चांगलं आहे. सायलेन्सरचा नट ढिला झाला वाटते. पंप त काई नाई म्हणत."

सायलेन्सरचा नट खरंच ढिला होता, घडघडत होता. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. "साऱ्या गावाले ऐकू येऊन राह्यलं, तुमालेच काऊन नाई येत?" मी ओरडले.

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की आई मोठ्यानं म्हणायची, "झाल्या हो तीन." फोन वाजला की, "तुमचा फोन आला हो," म्हणत तो त्यांच्या हातात नेऊन द्यायची. मी तिला चिडवायचे, म्हातारपणी तुझी बडबड वाढली म्हणून. जाड, घोगरे आवाज बाबांना येत होते. बारीक आवाज गेले होते, आणि आई त्यांच्याही नकळत ते भरून काढत होती.

आईची हललेली मान बाबांनी पाहिली होती. ते गाडीपाशी गेले, पट्ट्यापासून बोटं सांभाळत पंपावर तळहात टेकला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"वाजते काय खरंच?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो, बाबा."

ते बाजेवर जाऊन बसले. मला त्यांच्याकडं बघवेना. मी म्हटलं, राहू द्या, मी पिपरीत दाखवते. ते त्यांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकून घेतलं नाही, मला कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "कसा वाजते, तोंडानं करून दाखव."

पन्नाशीला टेकलेली बाई मी, भर अंगणात ऊंऽऽ करत उभी राहिले. रस्त्यानं वेचणीहून येणाऱ्या दोघी थबकून बघू लागल्या. बाबांची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती.

"वळवल्यावर?"

मी आवाज चढवला.

"गरम झाल्यावर कमी होते?"

"नाई, सारखाच."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तोंडानं तो आवाज चालूच होता.

मग बाबा उठले. तेल पाहिलं, ते बरोबर होतं. पट्टा दाबून पाहिला, तोही ताठ. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. आत हवा असती तर तेलाच्या डब्यात बुडबुडे आले असते. एकही आला नाही. "मंग तेलाच्या वाटेतच काईतरी आहे. पंप उपाशी आहे, म्हणून रडते," म्हणत त्यांनी डब्याकडून पंपाकडं जाणारी नळी सोडवली, वाकवलेली तार आत घातली आणि ओढली.

तेलानं लाल झालेला कापसाचा बोळा बाहेर आला. त्यात सरकी होती. काढताना तो तुटला असणार आणि अर्धा आतच राहिला असणार.

बाबा तो हातात घेऊन बघत राहिले. "माह्याच हातचा," ते म्हणाले. "ऐकू आलं असतं त तुले अंगणाबाहेर नसतं जाऊ देलं."

नळी जोडून झाली. मी गाडी सुरू केली आणि आवाज नव्हता. "गेला बाई," आई दारातून म्हणाली. बाबा बॉनेटपाशी मान तिरपी करून उभे होते. त्यांना मघाशी जे ऐकू येत होतं, तेच आताही येत होतं.

"गेला काय?"

"गेला, बाबा."

त्यांनी मान डोलावली. मग पान्यांची पेटी उचलून माझ्या डिक्कीत ठेवली. "घेऊन जा. मले आता कायच्या कामाची." मी नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

पुढची वेचणी यायच्या आधी बाबा गेले. मी आंजीला पोचले तेव्हा त्यांना पुढच्या खोलीत निजवलं होतं. शेजारच्या काकूंनी देवाच्या वातींचा कापूस आणून रीतीप्रमाणं नाकात आणि कानांत बोळे घातले होते. मी जवळ बसले आणि दोन्ही कानांतले काढून मुठीत धरले.

"रीत आहे बाई," काकू म्हणाल्या.

"असू द्या."

आई वाकली, त्यांच्या कानावरचे केस मागं सारले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "पोरगी आली हो."