पाचवी नळी

शर्यतीत आपण शेवटून पहिल्या आलो, असे आमच्या प्रयोगशाळेतली ताई स्वतःच सांगत असे. मी निकालपत्रक शोधून खात्री करून घेतली. बेचाळीस किलोमीटरच्या त्या शर्यतीत एका फाट्यावर चुकून ती जवळच्या रस्त्याला लागली होती. अर्धा किलोमीटर वाचल्याचे ध्यानात येताच ती मागे फिरली आणि सुटलेले वळण घेऊन पुन्हा धावली. पत्रकात तिची ओळ सर्वांत खाली आहे.

मी प्रयोगशाळेत दाखल झालो तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि तिच्या पीएचडीचे सहावे वर्ष चालू होते. घरी चष्म्याचे दुकान चालवणारा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. शिवाय शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते असा जुना आजार. सांधे आधीच धरले होते, मग मूत्रपिंडांची पाळी आली. कोणी हळहळले की ती म्हणे, "कुंपणच शेत खातंय, तक्रार कुणाकडे करायची?" डॉक्टरांनी धावणे बंद करून फक्त चालायची परवानगी दिली, तेव्हा पायाला भिंगरी असलेली ही बाई अशी चालू लागली की नवऱ्याने डॉक्टरांकडे 'चालणे' या शब्दाची लेखी व्याख्या मागितली.

तिचे संशोधन शेवाळावर होते. अंधुक उजेडात वाढवलेले शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या तग धरायला शिकते का, हा प्रश्न. सहा नळ्या होत्या. पहिल्या तीन भर उजेडात, पुढच्या तीन काळ्या पडद्याआड. दर रविवारी प्रत्येक नळीतले चार थेंब ताज्या द्रावणात घालायचे आणि वहीत नोंद करायची. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचे वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख व सही. तिच्या मुलीने शाळेच्या वहीतही हीच पद्धत सुरू केली होती. प्रत्येक चुकीपुढे सही करण्याइतकी तुमची मुलगी अजून मोठी अधिकारी झालेली नाही, अशी चिठ्ठी वर्गाच्या बाईंनी पाठवली. ताईने ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली जपून ठेवली होती.

आठ महिन्यांत पडद्याआडच्या दोन नळ्या मेल्या. पाचवीही फिकी पडत चालली होती, ती एकाएकी हिरवी झाली आणि पुढे पाच महिने हिरवीच राहिली. प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष त्या नळीवर उभा होता. विद्यापीठाची मुदत दोन महिन्यांवर आली होती. मूत्रपिंडांची मुदत डॉक्टर सांगत नव्हते.

प्रबंध सादर होण्याआधी दुसऱ्या विद्यार्थ्याने मूळ वही पानोपान तपासायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ते काम माझ्याकडे आले. एका रविवारच्या नोंदीतला पाचाचा आकडा तिच्या वळणाचा नव्हता. विचारल्यावर तिने सहज सांगितले की त्या आठवड्यात ती रुग्णालयात होती. नवऱ्याला किल्ली देऊन आणि फोनवर एकेक पायरी सांगून तिने थेंब घालून घेतले होते, नोंदही आपल्या नावाने करायला सांगितली होती. भिंगे घासणारा हात आहे, माझ्यापेक्षा स्थिर, असेही ती कौतुकाने म्हणाली. मी पुढचे पान उघडले. पाचवी हिरवी झाली होती ती त्याच रविवारनंतर, अवघ्या एका आठवड्यात. शेवाळ इतक्या लवकर सावरत नाही, हे तिनेच मला शिकवले होते. तिने दोन्ही पाने पुन्हा वाचली. मग म्हणाली, "घरी विचारते."

पुढचे मला तिच्या नवऱ्याने सांगितले. जेवताना तिने विचारले आणि त्याने काही लपवले नाही. "पाचवी पार पांढरी पडली होती. तू तिकडे सलाइन लावून पडलेली. परत आल्यावर तुला ती मेलेली दिसू नये, म्हणून पहिलीतले थेंब घातले. मला वाटलं, शेवाळच ते, हिरवं ते हिरवं." ती चिडली नाही. हातमोजे घातले होतेस ना, एवढेच तिने विचारले. तो हो म्हणाला, तेव्हा तिला रडू फुटले.

तिच्या मार्गदर्शक सरांनी मधला मार्ग सुचवला. तळटीपेत शंका नोंदवावी, तेवढ्याने परीक्षकांचे समाधान होईल. तिने मला विचारले, "तुझं समाधान झालं असतं का?" मी नाही म्हणालो. त्या उत्तराचा बचाव मी आजही करू शकतो, पण करावासा वाटत नाही.

एक दुपार खर्चून तिने पाच महिन्यांच्या पाचव्या नळीच्या प्रत्येक नोंदीवर एकेक रेघ ओढली आणि प्रत्येकीपुढे तारीख व सही केली. मग मूळ साठ्यातून सहा नव्या नळ्या भरल्या. विद्यापीठाने वर्ष वाढवून दिले. शरीराने आठ महिने दिले. चौतिसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी, डायलिसिस चालू असताना ती गेली.

त्या रविवारी सकाळी तिचा नवरा किल्ली घेऊन प्रयोगशाळेत आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. त्याने हात धुतले, हातमोजे चढवले. मी बाहेर थांबलो.

काम पुढे कोणी चालवले नाही. वही मी क्रमांक घालून कपाटात ठेवली आहे. तिच्यातली शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे : "पाचवी पांढरी. थेंब पाचवीतलेच घातले." खाली सही त्याची स्वतःची.