व्हय म्हाराजा

मरोळच्या आमच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण. पूजा झाली की धाकूआबा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे आणि दर वाक्याला सगळी चाळ ओरडायची, ‘व्हय म्हाराजा!’ गाऱ्हाणं घालावं ते मालवणीतच. शुद्ध भाषेत घातलं तर अर्ज वाटतो.

त्या वर्षी आबांचा घसा गेला. मुलगा नाही. मुलगी सुगंधा, औषधाच्या कारखान्यात बाटल्या तपासणारी, म्हणाली, “मी घालतंय.”

चुलतभाऊ दादू खदखदला. “बायलमाणूस गाऱ्हाणां घालतलां? गो, तू मयतातसुद्धा हसतंस! हसलंस तर नारळाचो मान माझो.”

“आणि हसलंय नाय तर?”

“तर तुझो. कायमचो.”

दादू खोटं बोलत नव्हता. सुगंधाला हसू आवरायचंच नाही. तिला शिकवलं वनमालानं, कारखान्यातल्या जोडीदारणीनं. अकोल्याकडची, तोंडानं फटकळ.

“हसू दाबू नको बाई, नाकातून निघते. जीभ टाळूला लाव अन् समोरच्याच्या कानाकडे पाह्य. कान काही हसत नाही.”

मग रोज संध्याकाळी वनमाला डोक्यावर पातेलं घालून गॅलरीत नाचायची. सुरुवातीला सुगंधाला हसून हसून उचकी लागली. महिनाभरात ओठही हलेना.

पूजेच्या दिवशी सुगंधानं पदर खोचला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात भटजींच्या मागून दादू आला. बायकोची फुलाफुलांची मॅक्सी, ओठांना लाली. चाळ हसून फुटली. भटजींनी उपरण्यात तोंड खुपसलं. कोपऱ्यात बसलेल्या आबांनी डोळेच मिटले.

सुगंधा दादूच्या कानाकडे बघत राहिली. आवाज तसाच.

“आज जो कोण मॅक्सी घालून तुझ्या दारात उभो आसा, तेची चूक पदरात घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या घरातलां पाणी तेकाच भरूक लाव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बायकांचा आवाज दुप्पट.

“आणि ह्या नारळाचो मान सुगंधाकडेच ऱ्हवांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठ्यानं दादू ओरडला. जन्मापासूनची सवय, ‘म्हाराजा’ ऐकलं की आमचं तोंड आपोआप उघडतं.

मग त्याचा चेहरा पडला. “अरे, तां तोंडातसून गेलां!”

“देवासमोर गेलां ना? मग झालां.”

सुगंधानं नारळ एका दणक्यात फोडला, खोबऱ्याची पहिली शेरणी आबांच्या हातावर ठेवली आणि दादूकडे वळली. तोंडावर एक रेघ हलली नाही.

“मॅक्सी धुवन दी हां वयनीक.”