इटलीतली खिडकी
घराला चुना लावायचा म्हणून आज भिंतीवरची चित्राची चौकट उतरवली आणि ओल्या चुन्याच्या वासासरशी देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षातली ती दुपार डोळ्यांपुढे आली. आमचे हे लढाईत इटलीला होते. येताना काळ्या शाईचं एक छापील चित्र घेऊन आले. पूल, घुमट, एकावर एक चढलेली घरं. "या खिडकीत राहत होतो मी," म्हणून एका खिडकीवर बोट ठेवायचे आणि तिथल्या घरमालकीण म्हातारीच्या गोष्टी सांगायचे. त्या ऐकता ऐकता मीही यांना माझी ती वर्षं सांगितली. यांनी न पाहिलेलं आमचं लेकरू तापात कसं गेलं, तेसुद्धा. त्या दुपारी आमच्या मागावरचं लुगडं घ्यायला आलेले एक ड्रॉइंग मास्तर चित्रापुढे थांबले, खालची विलायती अक्षरं लावून वाचली आणि कौतुकानं म्हणाले, "असं गाव कुठंच नाही. तिकडचे चित्रकार मनानं शहरं रचायचे आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे. तसं लिहिलंच आहे इथं." मागावर यांचा धावता धोटा थांबला. मास्तर गेल्यावर मी विचारलं, "काहून खोटं सांगितलं जी?" हे मान खाली घालून म्हणाले, "खरं सांगवत नव्हतं वं." "मले सांगवत होतं का?" त्यावर माग पुन्हा खडखडू लागला, तेवढंच. हे गेले तेव्हा माझं सारं यांना ठाऊक होतं. त्या वर्षांत हे कुठं राहिले, ते मला अजून ठाऊक नाही.